लोकसहभागाची मोजमापे : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या आधारे एक परीक्षण

विकासकार्यातील शासनव्यवहार, सत्ता आणि नागरिकांचा सहभाग या विषयावरील संशोधनाला आता सहा-सात दशकांची परंपरा आहे. या परंपरेत सहभागाचे महत्त्व सिद्ध करण्यावर जितके श्रम खर्च झाले, तितके तो कसा ओळखावा व कोठे मोजावा या प्रश्नावर झाले नाहीत. भारतात १९५२ साली समूहविकास योजना सुरू झाली, तेव्हा लोकांचा सहभाग रुपयांत मोजला जाई. श्रमदानाचे व वर्गणीचे मूल्य काढून ते अहवालात मांडले जाई आणि त्या आकड्यावरून गाव किती जागे झाले याचा निर्णय होई. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली या भ्रमाचे बऱ्याच अंशी निरसन केले. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा अधिनियम झाला, १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कार्य करू लागल्या आणि मोजमापही बदलले. मतदानाचे प्रमाण, निवडून आलेल्यांची जात, जमीनधारणा व शिक्षण यांची कोष्टके तयार होऊ लागली. रुपयांच्या जागी माणसे आली, ही प्रगतीच होय. परंतु निर्णयाची प्रक्रिया दोन्ही मोजमापांच्या बाहेरच राहिली.

पाश्चात्त्य अभ्यासकांनी या प्रक्रियेकडे लक्ष वळविले. अमेरिकेतील शहरसुधार योजनांच्या अनुभवावरून शेरी आर्नस्टाईन यांनी १९६९ साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांची दिशाभूल व त्यांच्यावरील तथाकथित उपचार, मध्ये माहिती देणे, सल्ला घेणे व समजूत काढणे, वर भागीदारी, अधिकारप्रदान आणि शेवटी नागरिकांचे नियंत्रण, असा तिचा चढता क्रम आहे. स्टीव्हन ल्यूक्स यांनी १९७४ साली सत्तेच्या तीन मिती सांगितल्या : प्रत्यक्ष निर्णयात दिसणारी, विषयच चर्चेला येऊ न देणारी, आणि माणसाच्या इच्छाच घडविणारी. जॉन गॅव्हेंटा यांनी २००६ साली या विचाराचा विस्तार करून ‘सत्ताघन’ सिद्ध केला. त्याच्या एका बाजूस सत्तेची दृश्य, गुप्त व अदृश्य रूपे, दुसऱ्या बाजूस बंद, आमंत्रित व लोकांनी स्वतः निर्माण केलेल्या जागा, आणि तिसऱ्या बाजूस स्थानिक, राष्ट्रीय व जागतिक पातळ्या आहेत. दरम्यान रॉबर्ट चेंबर्स यांच्या प्रेरणेने गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीने नकाशे काढण्याच्या पद्धती जगभर पसरल्या, आणि बिल कुक व उमा कोठारी यांनी संपादिलेल्या २००१ च्या ग्रंथाने, सहभाग हीच एक नवी जुलूमशाही होऊ लागली आहे काय, असा रोखठोक प्रश्न विचारला.

ही साधने कामाची आहेत. परंतु कोणत्याही साधनाची परीक्षा ते जेथे वापरावयाचे त्या भूमीवर झाली पाहिजे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके अशा परीक्षेला विशेष अनुकूल आहेत. कारण नागरिकाला शासनाशी जोडणारे जवळजवळ सर्व कायदेशीर मार्ग येथे एकाच खोऱ्यात एकमेकांशेजारी आढळतात, आणि तरीही ते एकमेकांना क्वचितच मिळतात.

या प्रदेशाची ठेवण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग, भीमाशंकरचे अरण्य, अतिवृष्टीचे डोंगरउतार व त्यांवरील भातखाचरे. पूर्वेस कमी पावसाचा, काळ्या जमिनीचा व पाटपाण्याचा सपाट भाग. पश्चिमेकडे मुख्यतः महादेव कोळी, त्यांच्या जोडीला ठाकर व कातकरी. पूर्वेकडे बागायतदार शेतकरी, बाजारपेठा व सहकारी साखर कारखाने. घोड, मीना, कुकडी आणि आर या नद्या पश्चिमेस उगम पावून पूर्वेस वाहतात. त्यांच्यावरील डिंभे, वडज, माणिकडोह, येडगाव व पिंपळगाव जोगे या पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प झाला आहे. त्याचे पाणी जुन्नर, आंबेगाव व शिरूरला तर मिळतेच. शिवाय ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे व कर्जत आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा या तालुक्यांपर्यंत पोहोचते. डिंभे धरणाखाली आंबेगाव हे मूळ गावच बुडाले. तालुक्याला त्याचे नाव राहिले आणि कारभार घोडेगावाहून चालतो. हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव म्हाळुंगे पडवळ याच तालुक्यातील, म्हणून या जलाशयास त्यांचे नाव दिलेले आहे.

आता आर्नस्टाईन यांची शिडी येथे लावून पाहावी. ही शिडी एकाच योजनेची आहे; एक अधिकारसंस्था वर आहे व नागरिक खाली आहेत, असे तीत गृहीत धरले आहे. डिंभ्याच्या काठावरील कुटुंबाची गोष्ट वेगळी आहे. जमिनीसाठी त्याला महसूल खात्याकडे जावे लागते, जंगलासाठी वनखात्याकडे, पाण्यासाठी व गाळपेराच्या जमिनीसाठी पाटबंधारे खात्याकडे, शिष्यवृत्ती व आश्रमशाळेसाठी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे, आणि रस्ता, दवाखाना व अंगणवाडी यांसाठी पंचायतीकडे. म्हणजे त्याच्या दारात एक नव्हे, पाच शिड्या उभ्या आहेत. एकीच्या वरच्या पायरीवर असलेला मनुष्य दुसरीच्या तळाशीही नसतो. अनुसूचित क्षेत्रातील सरपंच हा कायद्याने आदिवासीच असतो. पंचायतीच्या शिडीवर त्याचे स्थान उच्च मानावे लागेल. परंतु ज्या जलाशयात त्याच्या गावची शेते गेली, त्यातून केव्हा व किती पाणी सोडावे या निर्णयात त्या सरपंचपदाला काहीही स्थान नाही.

पाणी सोडण्याचा निर्णय कालवा सल्लागार समितीच्या विचाराने होतो. या समितीत मंत्री, लाभक्षेत्रातील आमदार व पाटबंधारे अधिकारी बसतात; आवर्तनाच्या तारखा तेथे ठरतात व वर्तमानपत्रांतून जाहीर होतात. या बैठकांतील वाद हे खऱ्याखुऱ्या लोकशाहीतील वाद आहेत, यात शंका नाही. वरच्या तालुक्यांनी आधी भरणे करून घ्यावे की टोकाच्या तालुक्यांना आधी पाणी द्यावे, डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहात न्यावे की नेऊ नये, यांवर लोकप्रतिनिधी एकमेकांशी अटीतटीने भांडतात. २००५ च्या सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणी वापर संस्थांनाही वैधानिक स्थान दिले आहे. तथापि या सर्व व्यवस्थेत सहभागाचा हक्क भिजणाऱ्या जमिनीपासून उत्पन्न होतो. ज्याची जमीन लाभक्षेत्रात आहे तो सहभागी. ज्याची जमीन पाण्याखाली गेली तो ‘प्रकल्पग्रस्त’, आणि प्रकल्पग्रस्ताचा विषय पुनर्वसन खात्याचा. अधिनियमात उपसा सिंचनाच्या संस्थांना जागा आहे हे खरे. परंतु उपशासाठी पंप, वीज व जमिनीचा उतारा ही तिन्ही हाताशी असावी लागतात. अशा रीतीने एकाच धरणाच्या दोन काठांवर दोन प्रकारचे नागरिक तयार झाले आहेत आणि दोघांनाही सहभागाचा कायदा लागू आहे.

गॅव्हेंटा यांच्या सत्ताघनाची त्रुटी येथेच दिसते. त्यातील स्थानिक, राष्ट्रीय व जागतिक या पातळ्यांमध्ये खोऱ्याला जागा नाही. पातळ्यांची संख्या परिस्थितीनुसार वाढविता येईल असे या मांडणीचे समर्थक म्हणू शकतील, आणि ते योग्यही आहे. परंतु प्रत्यक्षात संशोधक गावापाशी आरंभ करतो व तेथून एकदम राजधानीकडे किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांकडे दृष्टी वळवितो. घोड नदीच्या बाबतीत सत्ता ज्या ठिकाणी साठते ते ठिकाण तालुका, जिल्हा आणि प्रकल्प यांच्या दरम्यान कोठेतरी आहे. जुन्नर व आंबेगाव हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ सर्वसाधारण आहेत आणि त्यांतील बहुसंख्य मतदार पूर्वेकडील आहेत, ही साधी गोष्टसुद्धा गावपातळीवरच्या कोणत्याही अभ्यासात दिसू शकत नाही. पश्चिमेकडील वाडीत बसून ग्रामसभेची उपस्थिती कितीही काटेकोरपणे मोजली, तरी मोजणाऱ्याला ती कळणार नाही.

या भागाविषयीचे जुने लेखनही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कंपनीच्या सेवेतील अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांचा वृत्तान्त लिहिला, तो बंडाचा बंदोबस्त करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेतून. गो. स. घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. कुळे, विवाह, देवदेवता व हिंदू समाजातील स्थान यांची त्यातील चिकित्सा मोलाची आहे. पण आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू, या घुर्ये यांच्या एकंदर भूमिकेमुळे त्यांचे लक्ष समाजाच्या सांस्कृतिक समावेशावर राहिले. सातबारा, वनहद्द व सावकाराचे खाते यांतून हा समाज राज्याशी कसा बांधला गेला, हा प्रश्न त्या चौकटीत मध्यवर्ती होऊ शकत नव्हता. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे सुपुत्र आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. गोविंद गारे यांच्या लेखनात हा प्रश्न अधिक जवळून येतो. ज्याच्या घरच्यांनी तलाठ्याच्या चावडीत वाट पाहिलेली असते, त्या अभ्यासकाला कागदाचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कागदाचा हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडला पाहिजे, कारण सहभागविषयक संशोधनाची मुख्य उणीव त्यातून स्पष्ट होते. १८७३ ते १८७६ या काळात आंबेगावातील जांभोरीचा होन्या भागोजी केंगले याने सावकारांविरुद्ध बंड केले. त्याच सुमारास, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारातून दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली. त्या दंग्यांत लोकांनी मुख्यतः खतपत्रे हस्तगत करून जाळली. सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तराकडे त्यांचे लक्ष होते. निरक्षर कुणब्याने सत्तेचे विश्लेषण केले नव्हते असे कोण म्हणेल? सरकारनेही त्याचा अर्थ नेमका ओळखला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साह्य कायद्यात कर्जखतांची गावपातळीवर नोंदणी करण्याची व्यवस्था करण्यात आली. कागदाने झालेला अन्याय दुसऱ्या कागदाने आवरण्याचा तो प्रयत्न होता. (याच जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे जे शिलालेख आहेत, त्यांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आढळते. व्यवहार टिकावयाचा तर तो सर्वांना दिसेल असा कोरून ठेवावा, ही जाणीव या प्रदेशाला नवी नाही.)

वनहक्कांच्या कायद्याकडे या दृष्टीने पाहावे. २००६ च्या अधिनियमाने हक्काचा दावा स्वीकारण्याची व पडताळणीची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू केली. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य हजर असावे लागतात व उपस्थितांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. पुराव्यांत वृद्धांचे लेखी निवेदन, जुनी खाचरे, विहिरी, दफनभूमी व देवस्थाने यांनाही स्थान दिले आहे. शिडीच्या भाषेत बोलावयाचे तर हे अधिकारप्रदानच होय, आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा येथे २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर या कायद्याविषयी जी आशा उत्पन्न झाली ती अनाठायी नव्हती. परंतु ग्रामसभेचा ठराव पुढे उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समितीचा. या प्रवासात ठरावाचे रूपांतर होते. सभेत एक म्हातारा उभा राहून ओढ्यापलीकडचे खाचर आपल्या आजाने काढले असे सांगतो. इतिवृत्तात ते एका ओळीत येते. तपासणीच्या कोष्टकात त्याचे ‘पुरावा क्रमांक’ होते. शेवटी उरते ते क्षेत्र, गुंठ्यांत. प्रत्येक टप्प्यावर काही गळते. किती गळते, कोणाच्या हातून गळते व परत मागता येते की नाही, हा सत्तेचा खरा प्रश्न आहे. सुधारित नियमांनी दावा नाकारताना वा कमी करताना सविस्तर कारणे देणे आवश्यक केले, त्याचे महत्त्व सभेच्या गणपूर्तीपेक्षा तसूभरही कमी नाही. तरीही सहभागाच्या अभ्यासात गणपूर्तीची कोष्टके असतात आणि नाकारण्याच्या कारणांची कोष्टके विरळा असतात.

भीमाशंकरच्या अभयारण्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले, आणि आंबेगावचा व जुन्नरचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात घेणारा राष्ट्रपतींचा आदेशही त्याच वर्षीचा. म्हणजे एकाच वर्षी एका कागदाने डोंगराला शेकरूचे घर म्हटले व दुसऱ्याने त्याच मुलखाच्या मोठ्या भागाला आदिवासींचे विशेष क्षेत्र म्हटले. दोन्ही म्हणणी खरी आहेत. १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने वाडी-पाड्यालाही गाव मानता येईल अशी सोय केली. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. दोहोंमध्ये अठरा वर्षे गेली. या अठरा वर्षांना आमंत्रित जागा म्हणावे की बंद जागा, याचे उत्तर सत्ताघनात सापडत नाही. निमंत्रण छापले गेले होते, पण दाराची किल्ली दुसऱ्या खात्यात होती.

हिरड्याचे उदाहरण याहून बोलके आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्याच्या अखेरीस बाळहिरडा गोळा करून वाळविणे हा अनेक घरांचा रोख पैशाचा प्रमुख आधार आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने झाडे मोडली व हिरडा झडला. भरपाई मिळण्यासाठी पंचनामा व्हावा लागतो, आणि पंचनाम्याला आधार नोंदीचा. भाताचे पीक पिकपाहणीत येते. डोंगरावरच्या झाडाचे फळ हे पीक की वनोपज, ते शेतीच्या भरपाईत बसते की वनखात्याच्या, हा प्रश्न तेथे उभा राहतो. नुकसानभरपाईसाठी पुढील काही वर्षे आदिवासी शेतकऱ्यांना मोर्चे व उपोषणे करावी लागली. या घटनेचे वर्णन ‘लोकांनी स्वतः जागा निर्माण केली’ असे करता येईल, आणि प्रचलित पद्धतीचा अभ्यासक तसेच करील. परंतु मोर्चाची मागणी काय होती? एका फळाला शासनाच्या यादीत नाव मिळावे, ही. पंचनामा या शब्दातच पंच आहेत. पाच जणांनी डोळ्यांनी पाहिलेले लिहून काढावे, हा त्याचा मूळ अर्थ. लोकसहभागाची इतकी जुनी व इतकी रुळलेली लेखी पद्धत आपल्या व्यवहारात असताना सहभागाच्या शास्त्रात तिचा उल्लेखही नसावा, हे काहीसे चमत्कारिक आहे.

या संदर्भात गॅव्हेंटा यांच्याच पूर्वीच्या कार्याची आठवण ठेवणे न्याय्य होईल. १९८० सालच्या त्यांच्या ग्रंथाचा विषय अ‍ॅपलेशियातील एक खाणखोरे हा होता. तेथील जमीन दूरच्या कंपनीच्या मालकीची, आणि लोक गप्प का आहेत हा प्रश्न. त्यानंतर त्या प्रदेशातील नागरिक व अभ्यासक यांनी मिळून सहा राज्यांतील ऐंशी परगण्यांच्या कचेऱ्यांत बसून जमिनीच्या व कराच्या नोंदी उतरून काढल्या. जमीन कोणाची व कर किती, हे त्यातून प्रथमच एकत्र दिसले. या पाहणीत गॅव्हेंटा यांचा प्रमुख वाटा होता. तेथे एकक होते खोरे, आणि साधन होते दप्तर. पुढे हाच अभ्यासक आंतरराष्ट्रीय विकाससंशोधनाच्या क्षेत्रात आला, तेव्हा त्याच्या अनुभवाचा घन झाला. घन देशोदेशीच्या कार्यशाळांत नेता येतो, कचेरीतील दप्तर नेता येत नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावणीत हजेरीपट मोठ्याने वाचून दाखविण्याची रीत पाडली. तिचे नाते त्या जुन्या पाहणीशी अधिक जवळचे आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा केंद्रीय कायदा ज्या चळवळीतून आला, तिची एक मोठी शाखा याच रीतीतून वाढली.

हजेरीपटाचा विषय निघाला म्हणून पडकईचा उल्लेख आवश्यक आहे. उतारावर परस्परांच्या श्रमाने बांध घालून भातखाचर तयार करण्याची रीत म्हणजे पडकई. आनंद कपूर व कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेने डिंभे परिसरात धरणग्रस्तांसोबत काम करताना हे काम रोजगार हमी योजनेत बसविण्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले. रोजगार हमी ही महाराष्ट्राची देणगी. १९७७ साली तिचा अधिनियम झाला. तिच्यात कामाचा हक्क होता. पण कोणते काम, हे शासनाची यादी ठरवी व किती मजुरी, हे दरपत्रक. रस्त्याची खडी घनमीटरमध्ये मोजता येते. तीव्र उतारावर दगड बसवून माती थोपविण्याचे कौशल्य त्या मापात सहज बसत नाही. स्वतःच्या शेतावर केलेले काम सार्वजनिक कसे मानावे, हीही अडचण होतीच. पडकई शासनाच्या कार्यक्रमात आली, ती कोणत्या सभेच्या उपस्थितीमुळे नव्हे. काम मोजण्याची रीतच बदलून घेतल्यामुळे ती आली. माप कोणी ठरवावे या निर्णयात येथे लोकांचा हात पोहोचला, आणि शिडीवर या गोष्टीसाठी पायरीच नाही. गाळपेराची जमीन कसण्याची परवानगी आणि जलाशयातील मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था या गोष्टीही याच वर्गातील. या कार्यासाठी ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. पारितोषिके मिळाली की प्रयोगाची ‘यशोगाथा’ होते, आणि यशोगाथेतून नेमके खात्याखात्यांशी केलेला पत्रव्यवहार, नाकारलेले अर्ज व पुन्हा केलेले अर्ज हे वगळले जातात. संशोधनाला हवे असते ते त्या वगळलेल्या भागात.

या विवेचनावर एक आक्षेप येऊ शकतो व तो गंभीर आहे. कागदाला इतके महत्त्व दिले तर ज्यांच्याजवळ कागदच नाही त्यांचे काय? महादेव कोळ्यांना निदान खाचरे आहेत, कुळे आहेत, सरपंचपदे आहेत. कातकऱ्यांपैकी पुष्कळांना घराखालची जमीनही आपली म्हणता येत नाही. हंगामात वीटभट्टीवर वा कोळशाच्या कामावर गेलेल्या कुटुंबाला ग्रामसभेच्या गणपूर्तीत शोधून उपयोग नाही. वनहक्कासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. जो दरवर्षी गाव सोडतो त्याचा ताबा कोणत्या तारखेचा? ल्यूक्स यांनी सांगितलेली तिसरी मिती, म्हणजे मागणीच मनात न उठणे, येथे खरोखर जाणवते, आणि तिच्यासाठी नोंदवहीचा अभ्यास अपुरा पडतो. येथे चेंबर्स यांची पद्धत, जमिनीवर बसून ऐकण्याची, उपयुक्त ठरेल. मात्र रांगोळीचा नकाशा संध्याकाळी पुसला जातो आणि मोजणी खात्याचा नकाशा राहतो, याचे भान ऐकणाऱ्याला असले पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत तर दोन्ही साधने एकत्र आणल्याविना चित्र उभेच राहत नाही. महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. हिरडा वेचणे व वाळविणे, सरपण व पाणी आणणे, खाचरात लावणी करणे ही बहुतांश कामे त्या करतात. वनहक्काच्या व्यक्तिगत पट्ट्यावर पतीपत्नी दोघांची नावे असावीत अशी कायद्याची आज्ञा आहे. परंतु हिरड्याच्या विक्रीची पावती कोणाच्या नावे फाडली जाते? बुडीत जमिनीच्या मोबदल्याच्या जुन्या याद्यांत विधवांची व परित्यक्तांची नावे कोणत्या रकान्यात आहेत, की नाहीतच? या याद्या, पावत्या व ठरावबुके घोडेगाव आणि जुन्नर येथील कचेऱ्यांत, सोसायट्यांत आणि ग्रामपंचायतींच्या कपाटांत आहेत. अलीकडची नोंद संगणकावर मिळते. जुन्या नोंदींतील काही अजून मोडीत आहेत, आणि त्या वाचण्यासाठी शासनशास्त्राच्या अभ्यासकाला इतिहासाच्या विभागाचे दार ठोठवावे लागेल.